खातं आहे, पण सापडत नाही: सर्व्हर अपग्रेडनंतर बिघडणारे इंडेक्स आणि सी लायब्ररीतली क्रमवारी

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. "मॅडम, १-१४ नंबरचं खातं दिसतच नाहीये. आजोबा पासबुक घेऊन समोर उभे आहेत."

पतसंस्था जिल्ह्यातली, बारा शाखांची. सॉफ्टवेअर आमचं. सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर रविवारी मीच नेला होता, त्यामुळे फोन उचलतानाच पोटात गोळा आला. खातेक्रमांकाची पद्धत साधी: आधी शाखा, मग आडवी रेघ, मग खातं. पहिल्या शाखेचं चौदावं खातं १-१४, अकराव्या शाखेचं तिसरं ११-३. मी सगळ्या खातेदारांची यादी काढली, तर आजोबांचं नाव त्यात होतं. नंबर टाकून शोधलं की "खाते अस्तित्वात नाही".

दुपारपर्यंत आणखी भारी गोष्ट झाली. काउंटरवरच्या मुलाने गर्दी बघून तेच खातं त्याच नंबराने नव्याने उघडलं, आणि डेटाबेसने ते घेतलं. खातेक्रमांकाचा कॉलम युनिक आहे, म्हणजे एकच नंबर दोनदा चालत नाही. तरी एकाच टेबलात दोन १-१४.

हा प्रकार त्यानंतर मी आणखी दोन वेळा वेगवेगळ्या ठिकाणी पाहिला. वरवरची तक्रार दर वेळी निराळी असते: नोंद आहे पण शोधात येत नाही, युनिक कॉलमात दुहेरी नोंद, "यापासून यापर्यंत" मागितलं की मधलीच नावं गायब. आधी सगळे जण ॲप्लिकेशनवर संशय घेतात, मग डिस्कवर, मग पोस्टग्रेस या डेटाबेसवर. मूळ मात्र या सगळ्यांच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्टँडर्ड सी लायब्ररीत, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम वापरतात त्या मूलभूत फंक्शनांच्या संचात असतं. आणि गंमत म्हणजे तिथे काही बिघडलेलं नसतं. तिथे काहीतरी दुरुस्त झालेलं असतं.

आधी हा तोच रोग आहे का, ते बघा

मराठी डेटा असेल तर एक तोतया आधी बाजूला काढावा लागतो. "गोऱ्हे" हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणाच्या कळफलकावर नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, कुणाच्या कळफलकावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. असं नाव सापडत नसेल तर दोष इंडेक्सचा (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो त्या क्रमवार सूचीचा) नाही, टायपिंगचा आहे, आणि इंडेक्स शंभरदा बांधलात तरी ते सापडणार नाही.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या सेशनपुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही बंद करा आणि तीच क्वेरी परत चालवा. आता पोस्टग्रेसला अख्खं टेबल वरून खाली वाचावं लागतं. नोंद तरीही आली नाही तर बाइटच जुळत नाहीत. नोंद आली, तर इंडेक्स खोटं बोलतोय. आमच्याकडे आली. दोन्ही १-१४ आल्या, एकाखाली एक.

पक्की खात्री हवी असेल तर ॲमचेक नावाचं एक्स्टेन्शन आहे, पोस्टग्रेस १० पासून सोबतच येतं. त्याचं बी-ट्री (इंडेक्सची नेहमीची झाडासारखी रचना) तपासायचं फंक्शन प्रत्येक इंडेक्सवर चालवायचं. १४ पासून पीजी_ॲमचेक हा स्वतंत्र प्रोग्रॅमही मिळतो, तो एका दमात सगळा डेटाबेस बघतो. "आयटम ऑर्डर इनव्हेरिअंट व्हायोलेटेड" अशी ओळ दिसली की निदान झालं: पानावरच्या नोंदी ज्या क्रमाने असायला हव्यात त्या क्रमाने नाहीत.

एक आडवी रेघ

आता हे होतं कसं. मजकुराच्या दोन तुकड्यांत आधी कोण, नंतर कोण, हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, निदान नेहमीच्या सेटिंगमध्ये तरी नाही. ते सी लायब्ररीच्या स्ट्रकोल या फंक्शनला विचारतं, आणि स्ट्रकोल लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या नियमांच्या) फायलीत बघून सांगतं. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ही लायब्ररी म्हणजे ग्लिबसी.

१ ऑगस्ट २०१८ ला ग्लिबसी २.२८ आली. तिच्यात आयएसओ १४६५१ या क्रमवारीच्या मानकाचा तक्ता २०१६ च्या आवृत्तीवर आणला गेला. आधीचा तक्ता फार जुना होता, मधल्या काळात युनिकोडमध्ये आलेल्या बऱ्याच अक्षरांना त्यात वजनच नव्हतं. दुरुस्ती व्हायलाच हवी होती. पण तिच्यासोबत विरामचिन्हांची वागणूकही बदलली. जुन्या तक्त्यात आडवी रेघ पहिल्या फेरीत जमेतच धरली जात नसे, म्हणजे १-१४ ची तुलना ११४ अशी व्हायची. नव्या तक्त्यात रेघेला स्वतःचं वजन आहे, आणि ती अंकांच्या आधी येते.

पाच खाती घेऊन बघा. जुन्या नियमाने इंडेक्सच्या पानावर ती अशी बसलेली आहेत: १-१०, १-१२, ११-३, १-१४, ११-५. रेघ पुसून वाचा: ११०, ११२, ११३, ११४, ११५. क्रम बरोबर आहे.

रविवारी लायब्ररी बदलली, पान तसंच राहिलं. सोमवारी १-१४ शोधायचंय. इंडेक्स पानाच्या मधोमध हात घालतो: ११-३. स्ट्रकोलला विचारतो, १-१४ याच्या आधी की नंतर? नवी लायब्ररी म्हणते आधी, कारण दुसऱ्या जागी रेघ आहे आणि रेघ १ च्या आधी येते. मग शोध डाव्या अर्ध्यात जातो. तिथे १-१० आणि १-१२. संपलं, खातं नाही. प्रत्यक्षात ते ११-३ च्या लगेच उजवीकडे बसलंय. नवीन १-१४ घालतानाही हेच होतं: जागा ठरते १-१२ आणि ११-३ यांच्या मध्ये, तिथे शेजारी जुळं दिसत नाही, युनिकची तपासणी पास. शब्दकोशाची छापील पानं तीच ठेवून वाचणाऱ्याला वर्णमाला मात्र दुसरी शिकवली, तर जे होईल तेच.

११-३ शोधलं असतं तर पहिल्याच फटक्यात मिळालं असतं. म्हणून हा दोष इतका छळतो. दहातली नऊ खाती ठीक चालतात, आणि "माझ्याकडे तर दिसतंय" असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक ऑफिसात असतो.

मशीन कुठल्या बाजूचं

दोन ओळींची फाइल करा. एका ओळीत १-१, दुसरीत ११ (इथे देवनागरीत लिहिलंय, तुम्ही इंग्रजी अंक टाका). डेटाबेसचं जे लोकेल आहे तेच एलसी_ऑल या सेटिंगमध्ये देऊन सॉर्ट ही कमांड चालवा. आधी ११ आणि मग १-१ आलं तर लायब्ररी २.२८ च्या आधीची. आधी १-१ आलं तर २.२८ किंवा पुढची.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेय. ते लोकेल मशीनवर बसवलेलंच नसेल तर सॉर्ट काही न बोलता साध्या सी लोकेलवर जातं, आणि सी लोकेलमध्ये बाइटच्या हिशोबाने १-१ आधीच येतं. जुनं मशीन नवं असल्यासारखं दिसतं. म्हणून लोकेल बसवलंय का ते आधी बघा, आणि एलडीडी या कमांडला व्हर्जन विचारून ग्लिबसीचा आकडाही वाचा.

कुठल्या उडीत २.२८ ओलांडली जाते हे पाठ असलेलं बरं. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१. डेबियन ९ मध्ये २.२४, १० मध्ये २.२८. रेड हॅट ७ मध्ये २.१७, ८ मध्ये २.२८. सगळ्यांची रेषा एकाच जागी ओलांडली जाते.

मग लायब्ररीवाल्यांनी हे होऊ कसं दिलं?

हा प्रश्न मलाही पडला होता, थोडा रागाने. ग्लिबसीची ख्यातीच ही की जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतात. त्यासाठी त्यांच्याकडे सिम्बॉल व्हर्जनिंग नावाची युक्ती आहे: एकाच फंक्शनची जुनी आणि नवी रूपं लायब्ररीत शेजारी शेजारी नांदतात, आणि प्रोग्रॅम ज्या रूपाशी लिंक झाला तेच त्याला मिळतं.

तिचं गाजलेलं उदाहरण मेमसीपीवाय, मेमरीतला मजकूर कॉपी करणारं फंक्शन. २०१० च्या शेवटी फेडोरा १४ मध्ये मेमसीपीवायचं जलद रूप आलं, जे काही प्रोसेसरवर मागून पुढे कॉपी करायचं. सी च्या मानकानुसार स्रोत आणि मुक्काम एकमेकांवर चढलेले असतील तर मेमसीपीवाय वापरायचंच नाही, मेममूव्ह वापरायचं. पण फ्लॅश प्लेअर तसं वापरत होता, आणि आतापर्यंत खपून जात होतं. आता आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची की लायब्ररीची यावर मोठा वाद झाला, लिनस टॉरवाल्ड्सही त्यात उतरले. त्यांचं म्हणणं असं की वापरणाऱ्याच्या दृष्टीने कालपर्यंत चालत होतं ते आज बंद पडलं, एवढंच खरं. पुढे २०११ मध्ये ग्लिबसी २.१४ ने तोडगा काढला: मेमसीपीवायला नवा व्हर्जन क्रमांक, आणि जुन्या क्रमांकाने लिंक झालेल्यांना मेममूव्हसारखंच सुरक्षित वर्तन.

स्ट्रकोलच्या बाबतीत ही युक्ती लागूच होत नाही. फंक्शनचा कोड तोच, सिम्बॉल तोच. बदलली ती लोकेलची डेटा फाइल, आणि डेटा फायलींना सिम्बॉल व्हर्जन नसतं. शिवाय लायब्ररीच्या दृष्टीने स्ट्रकोलचं वचन एवढंच: आत्ता, या क्षणी, दोघांत पुढे कोण ते सांगतो. ते उत्तर डिस्कवर कोरून दहा वर्षं वापरायचं, असं तिने कधी कबूल केलं नव्हतं. वर्णक्रम सुधारायचाच नाही म्हटलं तर मराठीसारख्या भाषांचं काही खरं नाही. त्यामुळे राग थोडा ओसरला. थोडाच.

त्यात पोस्टग्रेसचे हात याआधीही पोळलेले होते. २०१६ च्या जानेवारीतल्या ९.५ मध्ये मजकुराचं सॉर्टिंग जलद करायला त्यांनी स्ट्रएक्सफ्रम वापरलं. या फंक्शनचं उत्तर आणि स्ट्रकोलचं उत्तर नेहमी एकमेकांशी जुळलं पाहिजे असं मानक सांगतं. ग्लिबसीमध्ये काही लोकेलना ते जुळत नव्हतं. हा मात्र लायब्ररीचाच खरा बग. मार्चअखेर ९.५.२ मध्ये सी सोडून इतर लोकेलसाठी ती सोय बंद करावी लागली आणि लोकांना इंडेक्स परत बांधायला सांगावं लागलं.

हे ऐकून "मग आम्ही जुनीच लायब्ररी ठेवतो" म्हणणारे भेटतात. नका ठेवू. गेटहोस्टबायनेम या फंक्शनमधली घोस्ट नावाने गाजलेली चूक २०१३ मध्येच दुरुस्त झाली होती, पण ती सुरक्षेची चूक आहे हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं, आणि तोवर जुन्या आवृत्त्यांवर थांबलेले सगळे सर्व्हर उघडेच होते.

दुरुस्ती

सगळ्यात आधी लिहिणं थांबवा. ॲप्लिकेशन बंद करा, काउंटरवर आरडाओरडा झाला तरी. प्रत्येक नवी नोंद बिघडलेल्या इंडेक्सवर नव्या नियमाने बसते आणि गुंता वाढवते. आमच्याकडे सोमवारचे चार तास लिहिणं चालू राहिलं, तेच सगळ्यात महाग पडलं. थांबवल्यावर सर्व्हिस बंद करून डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा.

मग लगेच रीइंडेक्स करावंसं, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधावासा वाटेल. दुहेरी नोंदी असतील तर युनिक इंडेक्स बांधला जाणारच नाही, "की इज डुप्लिकेटेड" म्हणून अडेल. तेव्हा आधी दुहेरी शोधा, आणि शोधताना वर सांगितलेले तिन्ही स्कॅन बंद ठेवा, नाहीतर ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखं होईल. आमच्याकडे सात खाती निघाली. प्रत्येकाच्या दोन नोंदींवर वेगवेगळे व्यवहार चढले होते. ते कुठल्या नोंदीवर न्यायचे हे कुठलंही स्क्रिप्ट सांगत नाही. शाखेत बसून व्हाउचर हातात घेऊन लावावं लागलं. आजोबांच्या खात्यावर सोमवारी भरलेले दोन हजार नव्या नोंदीत होते आणि वीस वर्षांची शिल्लक जुन्या.

दुहेरी मिटल्यावर रीइंडेक्स. सगळे इंडेक्स नव्याने बांधायची गरज नसते. आकडे, तारखा, यूयूआयडी यांचा क्रम लायब्ररी ठरवत नाही. सी कोलेशनचे (कोलेशन म्हणजे क्रमाचा नियम) कॉलम आणि टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स वापरलेले इंडेक्स बाइटवर चालतात, तेही सुरक्षित. राहिले ते टेक्स्ट, व्हारकॅर, कॅर आणि सायटेक्स्टचे, त्यांच्यावर लोअरसारखं फंक्शन लावलेले धरून. पोस्टग्रेस १२ पासून काम चालू ठेवून रीइंडेक्स करता येतं. आमचं १० होतं, त्यामुळे कुलूप लावून, अर्धा तास.

मजकुराच्या रेंजवर पार्टिशन केलेलं (तुकड्यांत विभागलेलं) टेबल असेल तर इंडेक्सवर भागत नाही. नोंद चुकीच्या पार्टिशनमध्ये असू शकते, ती काढून परत घालावी लागते.

इंडेक्स नव्हे, पण याच कुळातला एक छोटा त्रास: एका मशीनवर सॉर्ट केलेल्या फायली दुसऱ्यावर जॉइन किंवा कॉम या कमांडना दिल्या की "क्रमवारीत नाही" अशी तक्रार येते. दोन्हीकडे एलसी_ऑल सी करा, मिटलं.

परत उगवतं ते कुठून

दुसऱ्यांदा हे मला डॉकरमध्ये (तयार इमेजवरून प्रोग्रॅम चालवायची सोय) भेटलं, आणि तिथे तर अपग्रेड केल्याचंही कुणाला माहीत नव्हतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजचा टॅग फक्त "१५" असा लिहिला की खालचं डेबियन कधी बदलेल ते आपल्या हातात नसतं. २०२३ मध्ये ते बुल्सआयवरून बुकवर्मवर गेलं, म्हणजे ग्लिबसी २.३१ वरून २.३६. इमेज ओढली, कंटेनर उठला, व्हॉल्यूम (डेटाची जागा) जुनंच. यावेळी निदान इशारा तरी आला: पोस्टग्रेस १५ डेटाबेस बनवतानाची लायब्ररी आवृत्ती लिहून ठेवतं आणि जुळली नाही की "कोलेशन व्हर्जन मिसमॅच" म्हणतं.

या इशाऱ्याखालीच एक सूचना छापलेली असते: आधी सगळं रीइंडेक्स करा आणि मग रीफ्रेश कोलेशन व्हर्जन चालवा. लोक पहिला अर्धा वाचत नाहीत. रीफ्रेशने फक्त नोंदवलेला आकडा बदलतो, इशारा गप्प होतो, इंडेक्स आहे तसाच राहतो. गाडीचा ऑइलचा दिवा लागला म्हणून बल्ब काढून टाकण्यातला प्रकार. त्या टीमने तेच केलं होतं, आणि मला फोन आला तीन आठवड्यांनी.

हेही खरं की पोस्टग्रेस फक्त लायब्ररीचा आकडा बघतं, क्रमात प्रत्यक्ष काही बदललं का हे त्याला कळत नाही. तुमच्या कॉलममधली सगळी मूल्यं दोन्ही लायब्ररींवर सॉर्ट करून ताडून बघता येतात. पण झाडाच्या वरच्या पानांवर कधीच पुसलेल्या नोंदींच्या किल्ल्याही वाटाड्या म्हणून उरलेल्या असतात, त्या या तुलनेत येत नाहीत. मी सरळ रीइंडेक्स करते.

तिसरी खेप अल्पाइन या छोट्या लिनक्सची. इमेज लहान हवी म्हणून कुणीतरी टॅगला अल्पाइन जोडलं, व्हॉल्यूम तेच. अल्पाइनमध्ये ग्लिबसी नसून मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, आणि मसलचं स्ट्रकोल लोकेल न बघता नुसते बाइट ताडतं. म्हणजे एका रात्रीत सगळ्या डेटाबेसचा क्रम बदलला. हीच गोष्ट स्ट्रीमिंग रेप्लिकाची, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या चालू नकलेची: मुख्य सर्व्हर जुन्या उबुंटूवर, रेप्लिका नव्यावर, इंडेक्सची पानं बाइटगणिक नक्कल होऊन येतात आणि वाचणारा स्ट्रकोल वेगळा. मशीन बदलायचंच असेल तर डंप घेऊन परत भरा किंवा लॉजिकल रेप्लिकेशन करा. दोन्हींत इंडेक्स नव्या जागी नव्याने बांधला जातो.

कायमचा उपाय, आणि ळ

खातेक्रमांक, पॅन, आयएफएससी, पावती नंबर यांना भाषा नसते. असे सगळे कॉलम आम्ही सी कोलेशनवर नेले. कॉलमचा प्रकार बदलताना त्याचा इंडेक्स आपोआप नव्याने बांधला जातो. जॉइनमध्ये येणारे दोन्ही बाजूंचे कॉलम एकदमच बदला, नाहीतर कुठलं कोलेशन वापरू म्हणून पोस्टग्रेस अडून बसतं.

नावांचं काय? सगळंच सी वर नेलं तर यादी युनिकोडच्या क्रमाने लागते, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. काळे, कावळे, काशीकर असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर, म्हणजे कावळे, काशीकर, काळे. क्षीरसागर तर क च्या सगळ्या काना-मात्रांनंतर जाऊन बसतात, कारण हलन्ताचा क्रमांक मात्रांच्या पुढचा. मतदार यादीवर वाढलेल्या संचालकांना हे दोन मिनिटांत खटकतं.

आम्ही इंडेक्स सी मध्ये ठेवला आणि मराठी क्रम फक्त यादी दाखवताना लावला, ऑर्डर बायच्या वेळी, आयसीयू या वेगळ्या युनिकोड लायब्ररीच्या मराठी कोलेशनने. त्या क्रमावर डिस्कवरचं काहीच टेकलेलं नाही, त्यामुळे उद्या आयसीयूने तक्ता सुधारला तर यादी थोडी हलेल, खातं हरवणार नाही. ळ, क्ष, ज्ञ असलेली पाच-सहा आडनावं घालून क्रम स्वतः बघून घ्या. पोस्टग्रेस १७ मध्ये सी लायब्ररीला न विचारणारं स्वतःचं सी.यूटीएफ-८ कोलेशनही आलंय. नवा डेटाबेस असेल तर मी तिथूनच सुरुवात करेन.

आता आमच्या प्रत्येक सर्व्हरवर रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी आहेत. एक १-१ आणि ११ सॉर्ट करून निकाल लिहिते, दुसरी ग्लिबसीचा आकडा. कालच्यापेक्षा काही वेगळं निघालं तर बॅकअप पूर्ण होतो, पण सकाळी ॲप्लिकेशन उठत नाही आणि मला मेसेज येतो. मागच्या पावसाळ्यात एकदा आला. शाखा उघडायला दोन तास होते, रीइंडेक्सला चाळीस मिनिटं लागली.